दारे लावून गायिलेल्या मिस्सा

१५९२ ते १५९५ ह्या काळात लंडनमधील टॉमस ईस्ट नावाच्या मुद्रकाच्या छापखान्यातून संगीताच्या काही पातळ चोपड्या बाहेर पडल्या. त्यांना मुखपृष्ठ नव्हते. मुद्रकाचे नाव नव्हते, वर्ष नव्हते, कोणा सरदारास ग्रंथ अर्पण केल्याचा मजकूर नव्हता. पुढे अभ्यासकांना त्यांची वर्षे ठरविण्यासाठी छपाईच्या लाकडी ठशांची झीज तपासावी लागली. पानाच्या माथ्यावर मात्र रचनाकाराचे नाव स्वच्छ छापले होते: विल्यम बर्ड. आत लॅटिन मिस्सेच्या तीन स्वररचना होत्या. एक चार आवाजांसाठी, एक तीन, एक पाच. त्या काळी इंग्लंडमध्ये मिस्सा अर्पण करणे हा गुन्हा होता. परदेशात दीक्षा घेतलेल्या इंग्रज धर्मगुरूने मायदेशी पाऊल ठेवणे हा १५८५ च्या कायद्याने राजद्रोह ठरला होता आणि त्यास घरात आसरा देणाऱ्यालाही देहान्त शिक्षा होती. असे असता ज्याचे नाव ह्या चोपड्यांवर छापले गेले, तो गृहस्थ राणी एलिझाबेथच्या दरबारी गायकवृंदाचा, म्हणजे चॅपेल रॉयलचा, मानकरी होता!

हे कोडे उलगडायचे, तर शंभर वर्षे मागे जावे लागेल.

१५०० च्या सुमारास इंग्लंडमधील चर्चसंगीत वैभवाच्या शिखरावर होते. आपल्या मराठी कानांना एका वेळी एकच चाल ऐकण्याची सवय आहे. अभंग असो वा ख्याल, सूर एकाच धाग्याने पुढे सरकतो. तिथे मात्र चार, पाच, क्वचित नऊ आवाज निरनिराळ्या चाली एकाच वेळी गात आणि त्या चालींची वीण अशी घट्ट असे, की मांडवावर चढलेल्या वेलींसारखी कोणती फांदी कोणाची हे सांगता येऊ नये. ईटनच्या विद्यालयात त्या काळची एक हस्तलिखित गानपोथी जपून ठेवलेली आहे. तीत मुळात ९३ रचना होत्या. आज पूर्ण वा अपूर्ण अशा ६४ शिल्लक आहेत. त्यांतील पुष्कळशा धन्य कुमारी मरियेच्या स्तुतिपर आहेत, कारण सायंकाळी तिच्या प्रतिमेपुढे जमून तिचे स्तोत्र गाण्याचा विद्यार्थ्यांचा परिपाठ होता. एकेका शब्दावर स्वरांची इतकी नक्षी की तो शब्द कोणता, हे ऐकणाऱ्यास क्वचितच कळावे. सामान्य माणूस ऐके, गुडघे टेकी, जपमाळ ओढी. गाणे गायकांचे, भक्ती त्याची.

हा डोलारा मठांच्या व धर्मादाय निधींच्या खांबांवर उभा होता. १५३४ साली राजा हेन्री आठवा स्वतः इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला आणि १५३६ ते १५४० ह्या चार वर्षांत त्याने देशातील सर्व मठ बंद केले. शेवटचा मठ वॉल्थमचा. तो १५४० च्या मार्च महिन्यात राजाच्या हवाली झाला. तेथील गायकांत टॉमस टॅलिस नावाचा एक जण होता. त्यास २० शिलिंग वेतनाचे व २० शिलिंग बक्षिसाचे मिळाले आणि रजा मिळाली. जाताना त्याने मठातील संगीतशास्त्राची एक जुनी पोथी सोबत नेली. तिच्यावर त्याची सही आहे आणि ती आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे. मठांच्या संपत्तीचे काय झाले ह्याचे हिशेब इतिहासकारांनी पुष्कळ मांडले आहेत. आम्हांस मात्र काखोटीस एक पोथी मारून नोकरीच्या शोधात निघालेला तो गायक त्या हिशेबांहून अधिक काही सांगून जातो.

हेन्रीने पोपमहोदयांशी नाते तोडले, तरी लॅटिन मिस्सा सोडली नाही. उपासनेचा खरा कायापालट घडविला कँटरबरीचे आर्चबिशप टॉमस क्रॅनमर ह्यांनी. १५४४ साली त्यांनी इंग्रजी भाषेत लितानी सिद्ध केली आणि राजास लिहिलेल्या पत्रात सुचविले, की अशा गाण्यात स्वरांची गर्दी नसावी, होता होईल तो एका अक्षराला एकच स्वर असावा. ही सूचना दिसायला किरकोळ आहे. परंतु शतकभराच्या नक्षीकामावर पहिली छिन्नी चालली ती ह्याच सूचनेची. हेन्रीच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांचा एडवर्ड सहावा गादीवर आला आणि सूचनेची आज्ञा झाली. १५४८ च्या एप्रिलमध्ये लिंकन कॅथीड्रलच्या गायकांना फर्मान सुटले: मरियेची व संतांची स्तोत्रे बंद, केवळ प्रभूविषयीची गावीत, तीही इंग्रजीत आणि अक्षरागणिक एक स्वर धरून. १५४९ साली नवा इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सर्व देशात सक्तीचा झाला. त्यापाठोपाठ जुन्या उपासनाग्रंथांच्या नाशाचा कायदा आला. किती पोथ्या जाळल्या गेल्या, किती फाडून पुस्तकांच्या बांधणीस वापरल्या गेल्या, ह्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते, कारण कॅथोलिक लेखकांची लेखणी ह्या ठिकाणी संतापाने धावू लागते. क्रॅनमर ह्यांनी विचारलेला प्रश्न रास्त होता. देवाची स्तुती लोकांना कळावी की नाही? प्रभुशब्द केवळ सुस्वर नाद म्हणून कानांवर पडावा काय? तसेच ह्या बदलामागे केवळ लोभी दरबारी होते, असेही नाही. विंडसर येथील राजचर्चचा ऑर्गनवादक जॉन मर्बेक ह्याचे उदाहरण घ्या. तो मनाने सुधारणावादी होता आणि गुप्तपणे इंग्रजी बायबलची शब्दसूची तयार करीत होता. १५४३ साली तो पकडला गेला, पाखंडी ठरला. त्याच्याबरोबरच्या तिघांना जिवंत जाळण्यात आले. त्यांपैकी रॉबर्ट टेस्टवुड हा त्याच गायकवृंदातील गायक होता. मर्बेक माफी मिळून वाचला. पुढे १५५० साली त्याने नव्या प्रार्थनाग्रंथास साध्या, एकेरी चाली लावून दिल्या. त्या इतक्या सरळ आहेत की कोणत्याही गावच्या चर्चमध्ये गाता याव्यात. दोनच वर्षांत प्रार्थनाग्रंथ पुन्हा बदलला आणि त्याचे पुस्तक निरुपयोगी झाले. ज्या वर्षी हे पुस्तक निघाले, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या शब्दसूचीच्या अर्पणपत्रिकेत तो लिहितो, की संगीत व ऑर्गन ह्यांत आपले बरेचसे आयुष्य फुकट गेले. सुधारणेचा ज्वर माणसाला स्वतःच्या देणगीविषयीही लाज वाटायला लावतो, हे वाचून मन विषण्ण होते.

प्रश्न रास्त असला, तरी त्याचे उत्तर सक्तीने दिले गेले, आणि ते कोणाच्या भाषेत दिले हेही पाहिले पाहिजे. १५४९ च्या उन्हाळ्यात कॉर्नवॉल व डेव्हन परगण्यांतील लोक नव्या ग्रंथाविरुद्ध उठले. त्यांच्या मागण्यांत लॅटिन मिस्सा परत मिळावी ही मागणी होती आणि कॉर्नवॉलच्या लोकांनी तीस एक कारण जोडले होते: आमच्यापैकी कित्येकांना इंग्रजी येत नाही! त्यांची भाषा कॉर्निश. लॅटिन त्यांना समजत नसेल. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने ती त्यांच्या घरातली झाली होती. इंग्रजी मात्र सरकारची भाषा होती. बंडखोरांनी एक्सेटर शहरास सुमारे पाच आठवडे वेढा दिला. बंड मोडले गेले, हजारो माणसे मारली गेली. एक्सेटरनजीकच्या सेंट टॉमस चर्चचे धर्मगुरू रॉबर्ट वेल्श ह्यांना त्यांच्याच चर्चच्या मनोऱ्यावर मिस्सेच्या वस्त्रांनिशी टांगण्यात आले. गळ्यात जपमाळ, बाजूला तीर्थाचे पात्र आणि मिस्सेतील छोटी घंटा अडकवली होती. कॉर्निश भाषेत प्रार्थनाग्रंथ काढण्याचे कोणास सुचले नाही. वेल्स प्रांताचे नशीब थोर. १५६७ साली त्याच्या भाषेत प्रार्थनाग्रंथ व १५८८ साली संपूर्ण बायबल आले आणि ती भाषा आजही जिवंत आहे. लोकभाषेच्या नावाने एका लोकांची भाषा दाबावी, हा खेळ एकट्या प्रॉटेस्टंट राजवटीने खेळला असेही नाही. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला होता, हे आपण विसरता कामा नये.

एडवर्डनंतर मेरी ट्यूडर राणी झाली आणि १५५३ ते १५५८ ह्या पाच वर्षांत लॅटिन मिस्सा, मोठे गायकवृंद, जुने वैभव परत आले. ह्याच राजवटीत सुमारे २८० प्रॉटेस्टंट स्त्रीपुरुषांना जाळण्यात आले आणि स्वतः क्रॅनमर १५५६ साली ऑक्सफर्ड येथे अग्नीत गेले. त्या चितांच्या धुराने कॅथोलिक चर्चची जी हानी केली, ती कोणत्याही गायनाने भरून निघाली नाही.

१५५८ साली एलिझाबेथ आली. तिने प्रार्थनाग्रंथ पुन्हा इंग्रजी केला. परंतु ती संगीताची शौकीन होती. १५५९ च्या तिच्या आज्ञापत्रात साधे व स्पष्ट गायन सांगितले असले, तरी संगीताची आवड असणाऱ्यांसाठी उपासनेच्या आरंभी वा शेवटी एखादे उत्तम चालीचे स्तोत्र गाण्यास मुभा ठेवली होती. इंग्रजी कॅथीड्रलमधले संगीत वाचले ते ह्या एका फटीतून. दुसरीकडे सामान्य माणसाला प्रथमच स्वतःचा आवाज मिळाला. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या आवारात प्रवचनानंतर कधीकधी सहा हजार माणसे, म्हातारी-तरुण, स्त्रिया-पुरुष, एका सुरात स्तोत्रे गातात, असे बिशप जॉन ज्युएल ह्यांनी १५६० साली आपल्या एका मित्रास कळविले आहे. दाऊदाची स्तोत्रे सोप्या इंग्रजी पद्यात बसवून १५६२ साली पूर्ण छापली गेली आणि घरोघर पोचली. कविता म्हणून ती बेतासबात आहेत. पण ज्या गवळ्याने, ज्या विणकराने जन्मात कधी चर्चमध्ये तोंड उघडले नव्हते, तो गाऊ लागला. हा लाभ मोठा होता.

आता बर्डकडे वळू. त्याचा जन्म १५४० च्या सुमाराचा. १५६३ साली तो लिंकन कॅथीड्रलचा ऑर्गनवादक झाला आणि १५७२ साली चॅपेल रॉयलमध्ये आला. तिथे वॉल्थमहून पोथी घेऊन निघालेला टॅलिस, आता वृद्ध, त्याचा सहकारी होता. १५७५ साली राणीने दोघांना २१ वर्षांसाठी संगीत छापण्याचा मक्ता दिला. कृतज्ञता म्हणून दोघांनी राणीस लॅटिन स्तोत्रांचा एक ग्रंथ अर्पण केला. तिच्या राज्यारोहणाचे सतरावे वर्ष म्हणून प्रत्येकाच्या सतरा रचना. विक्री फार झाली नाही. तथापि, लॅटिन गाण्यास राणीचा विरोध नाही, विरोध मिस्सेला आहे, हे सर्वांना कळले.

बर्डच्या घरी मात्र दिवस पालटत होते. रविवारी सरकारी उपासनेस गैरहजर राहिल्याबद्दल त्याच्या पत्नीचे नाव १५७७ पासून नोंदवहीत येऊ लागले. पुढे त्याचेही आले. १५८१ साली हा दंड माणशी महिना २० पौंड झाला. त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी येशूसंघीय फादर एडमंड कँपियन ह्यांना लंडनमध्ये टायबर्न येथे फाशी देऊन त्यांच्या देहाचे तुकडे करण्यात आले. त्यांच्या हौतात्म्यावर एक कविता गुपचूप हातोहात फिरत होती. बर्डने तिला चाल लावली आणि १५८८ साली आपल्या इंग्रजी गीतसंग्रहात राजरोस छापली!

ह्याच दशकात सम्राटाच्या दरबारातील नामांकित संगीतकार फिलिप द मॉन्ते ह्याने बर्डला एक रचना पाठविली. बाबेलच्या नद्यांकाठी बसून सियोनच्या आठवणीने रडणाऱ्या बंदिवानांचे जे स्तोत्र आहे, त्यावर ती बेतलेली होती. १५८४ साली बर्डने त्याच स्तोत्राच्या पुढल्या भागावर आठ आवाजांची रचना करून उत्तर पाठविले. परक्या भूमीत प्रभूचे गीत कसे गावे, हा त्या भागातला सवाल. बर्ड स्वदेशातच होता. तरी ती भूमी परकी झाली होती.

जुलै १५८६ मध्ये टेम्स नदीकाठच्या एका कॅथोलिक सद्‌गृहस्थाच्या वाड्यात काही माणसे आठवडाभर एकत्र राहिली. नुकतेच इंग्लंडमध्ये उतरलेले फादर हेन्री गार्नेट व फादर रॉबर्ट साउथवेल आणि त्यांना भेटण्यास आलेले फादर विल्यम वेस्टन त्यांत होते. त्या घरात प्रार्थनामंदिर होते, ऑर्गन होता आणि घरच्याच स्त्रीपुरुषांचा गायकवृंद होता, असे वेस्टन ह्यांनी आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. पाहुण्यांत विल्यम बर्डही होता. दिवसा मिस्सा व प्रवचने होत, गायन होई. साउथवेल पुढे १५९५ साली आणि गार्नेट १६०६ साली फासावर गेले. कॅथीड्रलच्या गायकवृंदात स्त्रियांना कधी स्थान नव्हते; ते ह्या लपविलेल्या घरांत मिळाले, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

त्या तीन मिस्सा अशा घरांसाठी आहेत, हे एकदा ध्यानी आले की त्यांचे सारे रूप उलगडते. तीन आवाजांची मिस्सा तिघांना गाता येते आणि तिचे सारे भाग मिळून वीस मिनिटांच्या आसपास संपतात. प्रत्येक आवाजाची स्वतंत्र चोपडी. झडती आली तर अंगरख्यात लपावी एवढी. शब्दांवर नक्षी थोडी, शब्द स्पष्ट. म्हणजे क्रॅनमर ह्यांनी आज्ञा करून जे मागितले, ते बर्डने आज्ञेवाचून, आणि लॅटिनमध्ये, दिले! जुन्या इंग्लिश रिवाजात मिस्सेच्या स्वररचनेत बहुधा ‘किरिये’ नसे; बर्डने तो घातला, कारण परदेशातून चोरवाटांनी येणारे धर्मगुरू रोमचा नवा विधी घेऊन येत होते. त्याच वेळी चार आवाजांच्या मिस्सेतील ‘सांक्तुस’चा आरंभ त्याने दोन पिढ्यांपूर्वीच्या जॉन टॅव्हर्नरच्या एका मिस्सेवरून उचलला आहे, जणू तुटलेला दोर गाठ मारून जोडावा तसा. ‘क्रेदो’मध्ये चर्चची चार लक्षणे येतात, तिथे सारे आवाज ठाम होतात. आणि चार आवाजांच्या मिस्सेच्या अखेरीस, शांतीची याचना करणाऱ्या शब्दांवर, एक आवाज दुसऱ्याला खुपतो, मग हळूच खाली येऊन त्याच्याशी जुळतो, तोच तिसरा खुपतो. असे पुन्हा पुन्हा होत गाणे विसावते.

१५९३ च्या सुमारास बर्ड एसेक्स परगण्यातील स्टाँडन मॅसी ह्या खेड्यात राहावयास गेला. जवळच सर जॉन पीटर ह्या कॅथोलिक सरदाराचे घर होते. तिथल्या उपासनेसाठी त्याने वर्षभराच्या सणांची मिस्सागीते रचण्यास घेतली. शंभरांहून अधिक रचनांचा हा ‘ग्रादुआलिया’ ग्रंथ १६०५ व १६०७ साली दोन भागांत निघाला. पहिल्या भागाच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की पवित्र शास्त्रातील शब्दांतच एक गुप्त सामर्थ्य आहे. त्यांचे मनापासून चिंतन करणाऱ्यास योग्य सूर आपोआप सुचतात. प्रवचनाची तयारी करणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूने हे वाक्य टेबलासमोर लावावे, असे आम्हांस वाटते. १६०५ साली चार्ल्स द लिन्यी नावाचा एक फ्रेंच गृहस्थ लंडनच्या खाणावळीत ह्या ग्रंथासह सापडला आणि न्यूगेटच्या तुरुंगात गेला. त्याच्या रचनाकाराला मात्र कोणी हात लावला नाही.

ह्यावरून बर्डला कोणी दुटप्पी म्हणेल. चॅपेल रॉयलसाठी त्याने इंग्रजी उपासनेची जी भव्य रचना केली, ती अँग्लिकन चर्चच्या संगीतातील रत्न मानली जाते. तीत कुठेही कुचराई नाही, की पोटापुरते उरकल्याची खूण नाही. दोन्ही घरी त्याने सारखेच निष्ठेने वाढले, एवढेच आम्ही म्हणू. ४ जुलै १६२३ रोजी तो वारला. मृत्युपत्रात त्याने आपली कॅथोलिक श्रद्धा स्पष्ट नोंदविली आहे. चॅपेल रॉयलच्या वहीत त्याच्या मृत्यूची नोंद करणाऱ्याने त्यास संगीताचा पिता म्हटले आहे.

ह्याच पिढीतला आणखी एक इंग्रज कॅथोलिक मराठी वाचकास अनोळखी नाही. विल्टशरमधील बुश्टन गावचे टॉमस स्टीफन्स १५७५ साली रोममध्ये येशूसंघात दाखल झाले. कँपियन त्यांच्या दोन वर्षे आधीचे. कँपियन मायदेशी परतले. स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरले आणि १६१९ पर्यंत इथेच राहिले. मिस्सा त्यांनी अर्थातच लॅटिनमध्ये अर्पण केली. परंतु आपल्या पूर्वजांची पुराणे मागे टाकून आलेल्या नवख्रिस्ती लोकांना गायला, ऐकायला काही हवे, हे ओळखून त्यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले; १६१६ साली ते रायतूर येथे छापले गेले. ज्या देशात लोकभाषेतील उपासना ही त्यांच्या धर्मबांधवांच्या छळाची निशाणी झाली होती, त्या देशातून आलेल्या ह्या माणसाने लोकभाषेचा राग धरला नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेचे दार उघडले, तेव्हा लॅटिनचा वारसा टाकून द्या असे कुठेच म्हटले नाही; ग्रेगोरियन गायनास मानाचे स्थान व बहुस्वरी गायनास वाव तिने राखून ठेवला आणि त्याच दमात लोकांनी गायिले पाहिजे असेही सांगितले. आमची पिढी मराठी मिस्सेतच वाढली. आज धर्मग्रामात दोन तक्रारी आलटून पालटून आमच्या कानांवर येतात: गायकवृंद सणाला अशी नवी गीते बसवितो की लोक मुके राहतात; आणि लोक सदा तीच चार गीते गातात, त्यांना काही नवे शिकायला नको. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. ईटनच्या पोथीपुढे गुडघे टेकणारा मुका भाविक आणि सेंट पॉलच्या आवारातले सहा हजार कंठ, ह्या दोहोंचा वाद अजून मिटलेला नाही. तो फर्मानाने मिटवू पाहणाऱ्यांनी किती पोथ्या जाळल्या, हे ठाऊक असल्यामुळे आम्ही आमच्या गायकवृंदास अद्याप फर्मान काढलेले नाही.

६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राजे चार्ल्स तिसरे ह्यांचा राज्याभिषेक झाला. इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख म्हणून त्यांनी शपथ घेतली. त्या विधीत ‘किरिये’ वेल्श भाषेत गायिला गेला. कॅथोलिक चर्चच्या वतीने कार्डिनल व्हिन्सेंट निकोल्स ह्यांनी राजास आशीर्वाद दिला. आणि ‘ग्लोरिया’ झाला तो लॅटिनमध्ये, विल्यम बर्डच्या चार आवाजांच्या मिस्सेतला. ह्या वेळी ॲबेची दारे उघडी होती.